प्रश्न कुणाचा, उत्तर कुणासाठी?

मस्तगडाजवळच्या एका हॉटेलात गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता तो एका दुकानात हिशेब लिहितो. चहा येईपर्यंत इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग तो थोडा संकोचून म्हणाला, "सर, तुमचा तो शोधनिबंध मी वाचला."

मला, खोटे कशाला बोलू, आनंद झाला. हा निबंध इंग्रजीत होता. तो एका 'आंतरराष्ट्रीय' म्हणवणाऱ्या नियतकालिकात छापून आला होता. विषय होता ग्रामीण महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या सवयी. पन्नास विद्यार्थ्यांकडून एक छापील प्रश्नावली भरून घेतली होती. तिच्यावरून टक्केवारी काढली, चार कोष्टके केली आणि 'विद्यार्थ्यांमध्ये अभ्यासाविषयी जाणीवजागृती होणे गरजेचे आहे' असा निष्कर्ष काढून मोकळा झालो. नियतकालिकाने दोन हजारांच्या वर रक्कम घेतली आणि आठव्या दिवशी निबंध छापला. कुणी एक शंका विचारली नाही, एक स्वल्पविरामही बदलला नाही.

"कसा वाटला?" मी विचारले.

"सर, राग येणार नसेल तर सांगतो. त्या पन्नासांत मी होतो. आम्ही मागच्या बाकावरच्यांनी एकमेकांचं बघून खुणा केल्या होत्या. त्यात एक प्रश्न होता, तुमच्या अभ्यासाच्या खोलीत उजेड पुरेसा असतो का? आमच्या घरी खोलीच एक. मी 'होय' लिहिलं. 'नाही' लिहिलं असतं तर खोली आहे पण उजेड नाही, असा अर्थ झाला असता की."

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "दिवाळीनंतर मी तीन महिने वर्गात नव्हतो. माय-बाप ऊसतोडीला गेले की घर, म्हातारी आणि दोन शेळ्या माझ्याकडं असायच्या. तुमच्या कागदात त्याला जागाच नव्हती."

विद्यार्थी मित्रहो, हा प्रसंग मी मोठेपणा मिरवण्यासाठी सांगत नाही, हे उघडच आहे. 'संशोधन' हा शब्द आपण आज फार स्वस्त करून ठेवला आहे, आणि तो स्वस्त करणाऱ्यांत मीही आहे. म्हणून हा लेख.

आमच्या व्यवसायातली परिस्थिती थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. तिच्यात छापलेल्या प्रत्येक निबंधाला गुण मिळू लागले. हेतू चांगला असेल. पण जिथे मोजणी आली तिथे दुकानेही उघडली. आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली, तर त्या यादीतच दुकाने शिरली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात एक तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या हजारावर नियतकालिकांची त्यांनी छाननी केली आणि त्यांतील ८८ टक्के साध्या निकषांनाही उतरत नाहीत, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. पुढे नवी यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली. याद्या आल्या आणि गेल्या, पण ज्या वृत्तीमुळे त्यांची गरज पडली ती तशीच राहिली.

हा रोग एकट्या आपल्याच देशाचा आहे, असेही समजू नका. मानसशास्त्राच्या क्षेत्रात ब्रायन नोसेक आणि जगभरचे सुमारे २७० संशोधक एकत्र आले. नामांकित नियतकालिकांतले १०० प्रयोग त्यांनी पुन्हा करून पाहिले आणि २०१५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. मूळ प्रयोगांपैकी बहुतेक सर्व यशस्वी म्हणून छापले गेले होते; पुन्हा केल्यावर जेमतेम ३६ टक्के टिकले. या आकड्यावरून मानसशास्त्र खोटे ठरत नाही. उलट, स्वतःच्या शास्त्राची अशी झडती घेण्याचे धैर्य त्याच शास्त्रातल्या माणसांनी दाखवले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपण एकमेकांचे निबंध वाचतसुद्धा नाही, तपासणे दूरच.

मग खरे संशोधन कशाला म्हणावे? उदाहरणासाठी लांब जायची गरज नाही. आपल्याच जालना जिल्ह्यातील देहेड गावचा एक मुलगा गरिबीत शिकून डॉक्टर झाला. डॉ. हिंमतराव बावस्कर हे त्यांचे नाव. नोकरीसाठी ते कोकणात, महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तिकडे लाल विंचू चावून माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत होती. ठरलेले उपचार करूनही दगावत होती. पुस्तकात उत्तर नव्हते. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून जे दिसेल ते टिपायला सुरुवात केली. घाम किती, ओकाऱ्या किती, हातपाय गार केव्हा पडले, नाडी कशी, रक्तदाब किती, हे सारे त्यांनी लिहून ठेवले. धोक्याची पूर्वचिन्हे कोणती, हे त्या नोंदींतून हाती आले आणि १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या जगविख्यात वैद्यकीय नियतकालिकाने ते छापले. विंचवाच्या विषाने शरीरात एक वादळ उठते, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसांत पाणी साठते. हे ध्यानात आल्यावर रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिले. १९८६ मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये आले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी जिथे दर तिघांतला एक जायचा, तिथे मृत्यू अगदी विरळ झाले.

यापुढची गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. ज्या औषधाने नाव झाले त्यालाच कवटाळून ते बसले नाहीत. विंचवाच्या विषावरची प्रतिलस उपलब्ध झाली तेव्हा एकटे प्राझोसिन बरे, की प्राझोसिनसोबत प्रतिलस बरी, याची त्यांनी ७० रुग्णांवर रीतसर तुलना केली. दोन्ही मिळून दिल्यास रुग्ण कितीतरी लवकर बरा होतो, हा निष्कर्ष २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःच्या उत्तराला स्वतःच प्रश्न विचारणे, हे संशोधकाचे खरे लक्षण होय. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण ती मिळाली नसती तरी माझे म्हणणे बदलले नसते.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. १९८६ पासून तिथे काम करणाऱ्या डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. हे १९८९ मध्ये छापून आले. तोपर्यंत 'ग्रामीण स्त्रीचे आरोग्य' म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच विचार होत होता. दुखणे असणारी बाई तिथेच होती; तिला विचारणारे कुणी नव्हते. पुढे त्यांनी गावच्याच बायकांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. ३९ गावांतला नवजात बालकांचा मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. ही हकीकत १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये आहे.

या दोन्ही उदाहरणांत मला एक समान सूत्र दिसते. प्रश्न समोरच्या माणसाचा होता आणि उत्तर त्याच माणसाकडे परत गेले. माझ्या निबंधात प्रश्न दुसऱ्याच गावच्या छापील प्रश्नावलीतून उसना आणला होता आणि उत्तर माझ्या बढतीच्या फाइलीत जाऊन बसले. मधल्या मध्ये तो मुलगा, त्याची म्हातारी आणि दोन शेळ्या गळाल्या.

यावर माझे सहकारी म्हणतील, आणि ते खोटे नाही, की लहान गावातल्या कला महाविद्यालयात संशोधन करायचे कशाने? प्रयोगशाळा नाही, ग्रंथालयात नवी नियतकालिके नाहीत. तासिका, परीक्षा आणि निरनिराळी प्रपत्रे यांतून वेळ उरत नाही. अनेकजण तर तासिकेच्या मानधनावर दिवस काढतात. हे सारे मान्य. व्यवस्थेने मोजपट्टी बदलली पाहिजे, हेही मान्य. पण बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात तरी काय होते? वही होती, पेन्सिल होती आणि माणूस का मेला, ही टोचणी होती. साधने कमी पडली म्हणून खोटे कोष्टक करावेच लागते, असा नियम नाही. त्यापेक्षा काही न छापणे बरे.

आणि आपल्या गावात प्रश्नांची वाण आहे काय? 'जालना सोने का पालना' असे आपण अभिमानाने म्हणतो. याच गावात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाण्यांची कंपनी काढली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये परवानगी मिळालेले बीटी कापसाचे बियाणेही याच मातीशी जोडलेले. आणि त्याच कापसावर २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने काय कहर केला, ते तुमच्यापैकी अनेकांच्या घरी पाहिलेले आहे. तेव्हा कोणतेही संशोधन एकदा करून संपत नाही, हे जालन्याच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. त्या हंगामात कुणी काय फवारले, किती खर्च आला, कुणाचे शिक्षण सुटले, हे आपल्या वर्गातल्या मुलांना ठाऊक आहे. ते लिहून ठेवलेले मात्र नाही. १७२५ मध्ये बांधलेल्या मस्तगडाचा फारसी शिलालेख आहे. आपल्या इतिहासाच्या किती विद्यार्थ्यांनी तो जवळ जाऊन पाहिला आहे?

शिक्षणाचेच घ्या. २००५ पासून 'असर'च्या पाहणीत गावोगावचे तरुण घरोघर जाऊन मुलांपुढे एक साधा उतारा ठेवतात आणि म्हणतात, 'वाच.' पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे देशाला त्या एका कागदाने सांगितले. असे काम कला शाखेच्या विद्यार्थ्याला अवघड आहे काय?

म्हणून माझी सूचना साधी आहे. महाविद्यालयाने एकच प्रश्न घ्यावा आणि पाच वर्षे सोडू नये. दिवाळीनंतर वर्गातून कोण नाहीसे होते, का, आणि परत कोण येते? नावे गुप्त ठेवून, विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना विचारावे. ज्याला सांगायचे नसेल त्याला आग्रह करू नये. प्रश्नावली छापण्याआधी दहा जणांशी बोलावे, म्हणजे नसलेल्या खोलीतल्या उजेडाची चौकशी होणार नाही. निष्कर्ष मराठीत लिहावेत आणि याच वार्षिकात छापावेत. अंदाज चुकला तर तोही छापावा. आणि छापल्यावर ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना वाचून दाखवावे. याला गुण मिळणार नाहीत, हे मला माहीत आहे.

त्या दिवशी चहाचे पैसे मी देऊ लागलो तर त्याने हात धरला. म्हणाला, "राहू द्या सर, आता कमावतो मी." मग उठता उठता म्हणाला, "पुन्हा कधी विचारायला आलात तर खरं सांगीन."

मी जाणार आहे. या वेळी प्रश्नावली न घेता, कोरी वही घेऊन. तुमच्यापैकी कुणाला सोबत यायचे असेल तर जरूर यावे.