घर आपले, किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला

गुजरातमधील वाडीनार येथे नायरा एनर्जी या कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. वर्षाला २ कोटी टन कच्चे तेल शुद्ध करण्याची त्याची क्षमता आहे. देशाच्या एकूण शुद्धीकरण क्षमतेत त्याचा वाटा सुमारे ८ टक्के असून कंपनीचे सहा हजारांहून अधिक पेट्रोल पंप देशभर चालतात. जुलै २०२५ मध्ये या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना आपल्याच कार्यालयातील ई-मेल उघडता येईनासे झाले. कारखान्याला आग लागली नव्हती, संप झाला नव्हता, कोणी चोरीही केली नव्हती. १८ जुलै रोजी युरोपीय संघाने रशियावरील निर्बंधांच्या यादीत नायराचे नाव घातले, कारण कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा सुमारे ४९ टक्के हिस्सा आहे. त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्ट या अमेरिकी कंपनीने आपली सेवा थांबविली. शुल्क आम्ही पूर्ण भरले आहे, माहिती आमची आहे, असे सांगत नायराला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. ३० जुलैपर्यंत सेवा पूर्ववत झाली आणि प्रकरणावर पडदा पडला.

वृत्तपत्रांच्या दृष्टीने पडदा पडला, हे खरे. परंतु या घटनेने जो प्रश्न उभा केला आहे, त्याच्यावर पडदा टाकून चालणार नाही. नायराचे भागधारक कोण आहेत आणि रशियाशी व्यापार करावा की करू नये, हा येथे मुद्दाच नाही. भारताच्या भूमीवर, भारतीय कायद्यानुसार चालणारा एक ऊर्जाउद्योग आहे. भारतीय संसदेने त्याच्यावर कोणताही निर्बंध घातलेला नाही. असे असताना ब्रुसेल्समध्ये झालेल्या एका निर्णयाच्या परिणामी वाडीनारमधील टपालपेटीला कुलूप लागते, ही गोष्ट सार्वभौमत्व या शब्दाचा अर्थ नव्याने तपासून पाहण्यास भाग पाडणारी आहे. आज एका कंपनीचे ई-मेल बंद झाले. उद्या एखाद्या बँकेचे, रुग्णालयाचे, वीजमंडळाचे झाले तर काय करायचे, याचे उत्तर आपल्यापाशी तयार आहे काय?

हे कसे घडू शकते, ते समजून घेतले पाहिजे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर तबकडीवर मिळत असे. ते विकत घ्यावे, आपल्या संगणकावर बसवावे, की ते चालत राही. विकणाऱ्याशी संबंध बिघडला तरी तो आपल्या घरात येऊन यंत्र बंद करीत नसे. आता व्यवहाराचे स्वरूपच पालटले आहे. प्रणाली विकत मिळत नाही, ती महिन्याच्या वा वर्षाच्या भाड्याने मिळते. ती आपल्या संगणकावर नसते, दूरच्या माहितीकेंद्रात असते. आपला पत्रव्यवहार, हिशेब, ग्राहकांची यादी हे सारे तेथेच साठविलेले असते. आपण मालक नसून भाडेकरू आहोत आणि भाडेकराराच्या अटी ठरविणारा घरमालक दुसऱ्या देशाच्या कायद्याला बांधलेला आहे. घर आपले म्हणायचे, पण किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला, अशी ही अवस्था आहे.

त्यात कोणाचा दुष्ट हेतू असलाच पाहिजे असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा क्षेत्रातील कंपनीने पाठविलेल्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. एकाच खांबावर साऱ्या मांडवाचा भार टाकला, की खांब आपला असो वा परका, तो कलला म्हणजे मांडव कोसळणारच. म्हणून प्रश्न केवळ स्वदेशी आणि विदेशी असा नाही. पर्याय हाताशी आहे की नाही, हाही तितकाच महत्त्वाचा आहे.

आपला अलीकडचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यातील भागभांडवलाच्या अटी मान्य नसल्यामुळे १९७८ मध्ये आयबीएम कंपनी भारतातून निघून गेली. तिने मागे ठेवलेल्या यंत्रांची देखभाल करण्याची जबाबदारी सीएमसी या सरकारी कंपनीच्या अभियंत्यांनी उचलली. त्याच सीएमसीने पुढे १९८५-८६ मध्ये दिल्लीत रेल्वेच्या संगणकीकृत आरक्षणाचा आरंभ केला. नंतर रेल्वेच्या स्वतःच्या क्रिस या संस्थेने आरक्षणाचे जाळे देशभर जोडले. ऐंशीच्या दशकात भारताला हवा असलेला शक्तिशाली क्रे महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. दार बंद झाले की आपण भिंत फोडून वाट काढतो, हे या दोन्ही प्रसंगांनी सिद्ध केले. दुर्दैव असे, की दार पुन्हा उघडले की वाट काढण्याची जिद्दही आपण सोडून देतो.

१९९१ नंतर दार उघडले आणि भारतीय अभियंत्यांनी त्याचे सोने केले, हे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे. १९६८ मध्ये स्थापन झालेली टीसीएस आणि १९८१ मध्ये पुण्यात सात अभियंत्यांनी सुरू केलेली इन्फोसिस यांनी जो मार्ग आखला, त्यावरून लक्षावधी तरुण चालत गेले. सन २००० च्या संक्रमणाचे संकट जगावर आले, तेव्हा जुन्या आज्ञावल्या दुरुस्त करण्यासाठी जगाने भारताकडे पाहिले. २०२४-२५ मध्ये या उद्योगाची उलाढाल सुमारे २८० अब्ज डॉलरवर पोहोचली असून पन्नास लाखांहून अधिक लोकांना त्यात रोजगार आहे. महाराष्ट्रातील किती मध्यमवर्गीय घरांत या उद्योगाने एका पिढीत समृद्धी आणली, हे पुण्याच्या कोथरूड-हिंजवडीत राहणाऱ्यांना सांगावयास नको.

परंतु या यशाचे स्वरूप कोणते? आपण प्रामुख्याने तास विकले. दुसऱ्याच्या प्रणालीची निगा राखणे, दुसऱ्याच्या आराखड्यानुसार आज्ञावली लिहिणे, हे काम आपण उत्तम केले. प्रणालीचे स्वामित्व मात्र दुसऱ्याकडे राहिले. जेथे स्वामित्व मिळविले, तेथेही ते नेहमीच टिकले नाही. बँकांसाठीची ‘फ्लेक्सक्यूब’ ही प्रणाली मुंबईत जन्मलेल्या आय-फ्लेक्स कंपनीने घडविली आणि जगातील अनेक देशांच्या बँकांत नेली. २००५ पासून ओरॅकल या अमेरिकी कंपनीने तिचे भाग घेण्यास सुरुवात केली आणि अखेर ती कंपनी ओरॅकलचाच एक विभाग होऊन गेली. बुद्धी आपली, घाम आपला आणि पाटी दुसऱ्याची!

तास विकण्याच्या या व्यवसायालाही आता ओहोटीची चिन्हे दिसत आहेत. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लावले. कृत्रिम बुद्धिमत्ता आज्ञावली लिहू लागली आहे. नवशिक्या अभियंत्याला पूर्वी जे काम देत, त्यातील बराचसा भाग ती काही क्षणांत करते. ज्याच्यापाशी केवळ तास आहेत, त्याचा भाव घसरणार. ज्याच्यापाशी स्वतःची वस्तू आहे, तो तरणार. हा बदल केवळ कंपन्यांच्या ताळेबंदापुरता नाही. मुलाला अभियांत्रिकीला घालण्यासाठी कर्ज काढलेल्या प्रत्येक कुटुंबाचा तो प्रश्न आहे.

स्वतःची वस्तू घडविणे भारतीयांना जमत नाही, हा समज मात्र निखालस खोटा आहे. किराणा दुकानदारापासून कारखानदारापर्यंत सर्वांच्या परिचयाचे ‘टॅली’ बंगळुरूच्या भारत गोयंका यांनी ऐंशीच्या दशकात वडिलांच्या व्यवसायातील हिशेबाची अडचण सोडविण्यासाठी लिहिले. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरच्या कैलाश काटकर यांचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुण्यात गणनयंत्रे दुरुस्त करता करता ते संगणकाकडे वळले, धाकटे बंधू संजय यांनी विषाणूरोधक प्रणाली लिहिली आणि त्यातून ‘क्विक हील’ ही कंपनी उभी राहिली. तमिळनाडूतील तेनकाशीसारख्या ग्रामीण भागात श्रीधर वेंबू यांच्या झोहो कंपनीने कार्यालय थाटले, बारावी झालेल्या मुलांना पदवीविना घडविले आणि त्यांच्याकडून जगभर विकल्या जाणाऱ्या प्रणाली लिहून घेतल्या. या तिघांतील समान सूत्र ध्यानात घेण्याजोगे आहे. तिघांनीही आपल्यासमोरच्या माणसाची अडचण पाहिली आणि ती सोडविण्यासाठी वर्षानुवर्षे चिकाटी धरली.

मग अशी उदाहरणे शेकड्यांनी का नाहीत? शासनाचे धोरण, भांडवलाची चणचण ही कारणे आहेतच. पण एक कारण समाजाच्या अंगणातले आहे आणि त्याचा उच्चार सहसा होत नाही. घरोघरी आणि कचेरीकचेरीत परदेशी सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती सर्रास वापरल्या गेल्या. त्यामुळे परदेशी कंपनीचे नुकसान झाले, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात अधिक नुकसान स्वदेशी उद्योजकाचे झाले. परदेशी प्रणाली फुकट मिळत असताना पाचशे रुपयांची भारतीय प्रणाली कोण घेणार? मुलांचे हात लहानपणापासून परक्या प्रणालीला सरावले आणि पुढे तीच प्रणाली भाड्याने घेण्यावाचून त्यांना गत्यंतर उरले नाही. चोरीचा माल शेवटी महागच पडतो, तो असा.

शासनाने मनात आणले तर काय होऊ शकते, याचा पुरावा म्हणजे यूपीआय. भारतीय राष्ट्रीय भुगतान निगमने २०१६ मध्ये सुरू केलेल्या या व्यवस्थेवरून ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवालीपासून सराफापर्यंत सारे जिच्यावर विसंबतात, ती व्यवस्था आपली आहे. तथापि, येथेही सावध असावे. रस्ता आपण बांधला, परंतु त्यावरून धावणाऱ्या गाड्या प्रामुख्याने वॉलमार्टच्या मालकीच्या फोनपेच्या आणि गुगलच्या आहेत. सुमारे चार पंचमांश व्यवहार या दोघांच्या हातून होतात. रस्ता बांधला म्हणजे काम संपले, असे होत नाही.

याउलट केवळ भावनेच्या लाटेवर स्वार होऊनही भागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये झोहोचे ‘अरट्टाई’ हे संदेशवहनाचे साधन लक्षावधी लोकांनी हौसेने उतरवून घेतले. त्या वेळी त्यातील लेखी संदेशांना पाठविणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाही वाचता येऊ नये अशा कूटबद्धतेचे संरक्षण नव्हते आणि जाणकारांनी ती उणीव दाखवून दिली. उणीव दाखविणाऱ्याला स्वदेशीचा शत्रू समजणे हा आत्मघात ठरेल. स्वदेशी वस्तूला पहिली संधी हक्काने मिळावी; दुसरी तिने गुणवत्तेवर मिळवावी.

स्वावलंबनाचा आणखी एक राजमार्ग उपलब्ध आहे आणि तो म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा. लिनक्ससारख्या प्रणालीची मूळ आज्ञावली सर्वांना खुली असते. ती कोणीही तपासावी, सुधारावी, आपल्या भाषेत आणावी. जगभरातील सज्जनांनी मिळून चालविलेले हे ज्ञानदान आहे आणि ज्ञान दिल्याने वाढते हा तर आपला जुनाच सिद्धांत. कोणीही रागावले तरी ही किल्ली काढून घेता येत नाही. केरळने आपल्या शाळांत मुक्त प्रणाली रुजवून दाखविली. सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली आणली. २०१५ मध्ये केंद्र शासनाने मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरणही जाहीर केले. उणीव आहे ती अंमलबजावणीची.

तेव्हा करावयाचे काय? सरकारी खरेदीत एक अट सक्तीची हवी: आपली माहिती खुल्या स्वरूपात, केव्हाही, पूर्णपणे परत मिळाली पाहिजे. ऊर्जा, बँका, रुग्णालये आणि दळणवळण या क्षेत्रांत मुख्य प्रणाली बंद पडली तर दुसरी तयार असल्याची तपासणी दरवर्षी व्हावी, जशी अग्निशमनाची होते. आपल्या उद्योजकांनी नव्या भारतीय कंपनीचे पहिले ग्राहक होण्याचे धाडस दाखवावे, कारण नवउद्योजकाला अनुदानापेक्षा पहिल्या मागणीपत्राची गरज अधिक असते. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना केवळ मुलाखतीसाठी घोकंपट्टी न करविता गावातील सहकारी पतपेढी, दूधसंघ, ग्रंथालय यांच्या अडचणी सोडविणाऱ्या प्रणाली लिहावयास लावाव्यात.

आणि आपण? आपल्या संस्थेचे, शाळेचे, सोसायटीचे दप्तर कोणाच्या माहितीकेंद्रात आहे, हे एकदा विचारून पाहावे. त्याची एक प्रत स्वतःपाशी ठेवावी. वापरत असलेल्या प्रणालीचे मोल प्रामाणिकपणे चुकवावे किंवा मुक्त प्रणाली वापरावी. घरातील मुलाने संगणकावर काही नवे घडविण्याचा खटाटोप आरंभला, तर ‘आधी नोकरी बघ’ असे म्हणून त्याचा उत्साह मारू नये. पारतंत्र्य नेहमी तोफा घेऊनच येत नाही. कधी कधी ते सोयीचा चेहरा घेऊन येते आणि आपण ‘मान्य आहे’ या चौकटीवर स्वतःच बोट टेकवितो. ते बोट टेकविण्यापूर्वी करार वाचण्याची सवय या समाजाला लागली, तरी पुष्कळ कार्य साधेल.