घरगुती वायफायची सुरक्षा : जबाबदारी ग्राहकावर, चावी दुसऱ्याकडे

नवी दिल्ली : अहमदाबादेत २६ जुलै २००८ रोजी झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत ५६ जणांचा बळी गेला. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल आला होता. त्याचा माग काढत तपास यंत्रणा नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेत पोहोचली. तेथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाचा कटाशी काहीही संबंध नव्हता. त्याच्या असुरक्षित वायफायचा वापर दुसऱ्याच कोणी केला होता. पुढच्याच महिन्यात माटुंग्यातील एका महाविद्यालयाचे आणि १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळी चेंबूरमधील एका कंपनीचे वायफाय अशाच कामासाठी वापरले गेले.

या घटनांनंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांची पथके लॅपटॉप घेऊन शहरातील उघडी वायफाय जाळी शोधत फिरली. फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवापुरवठादारांना वायफाय सुरक्षित करण्याबाबत सूचना दिल्या. त्या काळी चिंता एकच होती : पासवर्डविना चालणारे जाळे. ती बऱ्याच अंशी दूर झाली आहे. आज घरात बसवला जाणारा राउटर पासवर्डसह सुरू होतो आणि ग्राहकाचे समाधान होते. प्रश्न मिटला असे मात्र नाही. त्याची जागा बदलली आहे.

राउटरला प्रत्यक्षात दोन पासवर्ड असतात. एक वायफाय जोडणीचा, जो घरातील सर्वांना आणि बहुधा शेजाऱ्यांनाही ठाऊक असतो. दुसरा राउटरच्या व्यवस्थापनाचा, ज्यातून त्याची प्रत्येक मांडणी बदलता येते. हा दुसरा पासवर्ड अस्तित्वात आहे, हेच असंख्य ग्राहकांना माहीत नसते. जोडणी देणारा तंत्रज्ञ तो कारखान्यातून आला तसाच ठेवतो. २०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक प्रणालीने असेच मूळ पासवर्ड वापरून जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबर रोजी त्यांच्या जोरावर अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे ठप्प पाडली. भारताला हा अनुभव जुलै २०१७ मध्ये आला. बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे हजारो मोडेम निकामी झाले, कारण त्यांचे मूळ पासवर्ड कोणीही बदललेले नव्हते.

पहिल्या पासवर्डची कथा फारशी वेगळी नाही. सोयीसाठी ग्राहकाचाच मोबाइल क्रमांक वायफायचा पासवर्ड म्हणून देण्याची पद्धत देशभर रूढ आहे. दहा आकडी क्रमांक भक्कम वाटतो; पण भारतीय मोबाइल क्रमांक ६ ते ९ या अंकांनीच सुरू होत असल्याने शक्यता उरतात सुमारे ४०० कोटी. डब्ल्यूपीए २ या प्रचलित सुरक्षा पद्धतीत, जोडणीच्या क्षणी होणारी देवाणघेवाण टिपून घेतली की पुढचे अंदाज घराबाहेर, निवांतपणे संगणकावर लावता येतात. आजच्या शक्तिशाली ग्राफिक्स कार्डासाठी ४०० कोटी शक्यता म्हणजे दिवसभराचेही काम नाही. शिवाय क्रमांक ओळखीच्या माणसाकडे असतोच, तेव्हा एवढाही खटाटोप लागत नाही. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए ३ मध्ये असे बाहेर बसून अंदाज लावता येत नाहीत. परंतु जुने फोन व दूरचित्रवाणी संच ती पद्धत स्वीकारत नाहीत, म्हणून राउटर मिश्र पद्धतीवर ठेवला जातो.

एखाद्याचे वायफाय शेजाऱ्याने फुकट वापरले, तर नुकसान किरकोळ. गंभीर बाब निराळीच आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी ‘एनीप्रॉक्सी’ आणि ‘फाइव्हसॉक्स’ या दोन सेवा बंद पाडल्या. उत्पादकांनी सुधारणा देणे थांबवलेले जुने राउटर हस्तगत करून त्यांचे इंटरनेट पत्ते मासिक शुल्कावर विकले जात होते. घेणाऱ्याला स्वतःची ओळख लपवून दुसऱ्याच्या घरातून वावरता येत होते. सानपाड्यात जे एकदा घडले, त्याचा हा नियमित व्यापार झाला.

भारतीय ग्राहकाची अडचण इथेच आहे. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवापुरवठादारांना नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. त्या नोंदीतून जोडणी कोणाच्या नावावर आहे ते कळते; तिच्यामागे बसलेली व्यक्ती कळत नाही. त्यामुळे पोलीस प्रथम येतात ते ग्राहकाच्या दारात, आणि आपण नव्हतो हे पटवून देण्याची पाळी त्याच्यावर येते. त्या काळात फोन व संगणक जप्त झाले, तर नोकरी आणि मुलांचा अभ्यास दोन्ही खोळंबतात.

घरच्या घरी करण्याजोगे उपाय अवघड नाहीत. व्यवस्थापनाचा पासवर्ड बदलणे हे पहिले. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत जोडून केलेला वायफाय पासवर्ड लक्षात राहतो आणि मोडायलाही कठीण जातो. बटण दाबून किंवा आठ अंकी पिनने जोडणारी ‘डब्ल्यूपीएस’ सोय बंद करावी, कारण २०११ च्या अखेरीस उघड झाल्याप्रमाणे अनेक राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतात आणि शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो. त्यामुळे दहा कोटी शक्यता ११ हजारांवर येतात. पाहुणे, कॅमेरे आणि स्वस्त स्मार्ट उपकरणांसाठी वेगळे अतिथी नेटवर्क ठेवणे योग्य. बाहेरून राउटर हाताळण्याची सोय गरज नसल्यास बंद असावी.

मात्र येथेच सल्ला आणि वास्तव यांची फारकत होते. फायबर जोडणीसोबत येणारे यंत्र पुष्कळदा सेवापुरवठादाराच्याच मालकीचे असते. त्याची प्रणाली कधी अद्ययावत करायची ते तोच ठरवतो आणि काही ठिकाणी व्यवस्थापनाचा पासवर्ड ग्राहकाला मिळतच नाही. जे कुलूप उघडता येत नाही ते बदलण्याचा उपदेश निरर्थक ठरतो.

ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सरसकट एकच किंवा सहज ओळखता येणारा मूळ पासवर्ड असलेली ग्राहकोपयोगी उपकरणे विकण्यास बंदी घातली. सुरक्षा सुधारणा किती काळ मिळतील हे सांगणेही उत्पादकांवर बंधनकारक केले. दंडाची मर्यादा एक कोटी पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या चार टक्के, यांपैकी जी अधिक असेल ती. भारतात दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राच्या २०२१ च्या आचारसंहितेत मूळ पासवर्डविषयीचे हेच तत्त्व आहे, पण ते मार्गदर्शक स्वरूपाचे. बंगळूरुच्या राष्ट्रीय संचार सुरक्षा केंद्राने वायफाय उपकरणांसाठी सुरक्षा निकष तयार केले आहेत. अशा चाचण्यांचा लाभ बाजारात येणाऱ्या नव्या उपकरणांना होतो. आधीच घरोघरी भिंतीवर टांगलेल्या राउटरांचे पासवर्ड तपासण्याचे काम सध्या कोणाच्याही वहीत नाही.