जुना प्रोसेसर व वेगाची हांव

घरांतील यंत्र बिघडलें नसतांहि त्यास निरुपयोगी ठरविण्याची घाई आजकाल फार वाढली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्यें विंडोज १० या प्रणालीचा नेहमींचा आधार संपला, तेव्हां आमच्याहि घरीं जुना संगणक भंगारांत काढण्याची गोष्ट निघाली. परंतु आम्हीं त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली बसविली व तो दिवाणखान्यांतील टीव्हीस जोडला. आज तोच आमचें घरगुती चित्रपटगृह झाला आहे. या खटाटोपांत आम्हांस जें शिकावयास मिळालें, तें वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

आमच्या संगणकांत २००७ सालीं निघालेला इंटेलचा पेंटियम ड्युअल-कोअर ई-२१६० हा प्रोसेसर आहे. प्रोसेसरचा वेग दोन आंकड्यांच्या गुणाकारानें ठरतो. एक मदरबोर्डावरील बसचा ठोका व दुसरा प्रोसेसरचा गुणक. येथें ठोका २०० मेगाहर्ट्झ व गुणक ९, म्हणून वेग १८०० मेगाहर्ट्झ. ठोका २६६ केला म्हणजे वेग सुमारें २४०० होतो. यासच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. १९९८ सालच्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरचा ठोका ६६ वरून १०० वर नेऊन लोक ३०० चे ४५० मेगाहर्ट्झ करीत. त्यामुळें या विद्येचा लौकिक फार वाढला. आमच्या यंत्रावर १८०० च्या वेगानें धांवपळीच्या प्रसंगीं चित्र अडखळत असे; २४०० वर तें सुरळीत चालूं लागलें. एक पैहि न खर्चितां एवढा लाभ झाला, तर कोणास नको?

मात्र बसचा ठोका वाढला कीं त्याच्याबरोबर मेमरीचाहि वेग वाढतो, आणि येथेंच पुष्कळांचा पाय घसरतो. आमचाहि घसरला. २६६ वर सर्व ठीक चाललें असतां हांव सुटून आम्हीं ठोका ३३३ वर नेला. वेग ३००० झाला आणि आम्ही मित्रमंडळींत मिरवूं लागलों. परंतु आंतील मेमरीच्या पट्ट्या डीडीआर-२ ५३३ या जातीच्या, म्हणजे २६६ च्या ठोक्यापुरत्याच होत्या. त्याच आठवड्यांत आजीच्या पंचाहत्तरीचीं छायाचित्रें आम्हीं एका हार्ड डिस्कवरून दुसरीवर हलविलीं व मूळ प्रती पुसून टाकिल्या. पुढें पाहतों तों ७ चित्रांचा खालचा अर्धा भाग नुसता करडा! यंत्र बंद पडलें नव्हतें, त्यानें कसली तक्रारहि केली नव्हती. मेमरींत कोठें तरी अंक चुकले आणि चुकले तसेच ते डिस्कवर लिहिले गेले. आजी आतां नाहीं, आणि तीं चित्रेंहि परत यावयाचीं नाहींत. हा दोष यंत्राचा नव्हे, आमचा.

तर मग मेमरी निवडावी कशी? दुकानांत १०६६ चा आंकडा पाहून डोळे दिपतात. पण थोडा हिशेब करावा. २६६ च्या ठोक्यावर ही बस प्रत्येक ठोक्यास चार वेळां, दर वेळीं ८ बाइट वाहून नेते. म्हणजे सेकंदास सुमारें ८.५ गिगाबाइट. डीडीआर-२ ५३३ च्या दोन पट्ट्या जोडीनें चालविल्या असतां त्यांची क्षमताहि नेमकी तेवढीच भरते. तेव्हां प्रोसेसरपुरतें पाहतां त्याहून वेगवान मेमरी घेणें म्हणजे अरुंद दारापुढें रुंद रस्ता बांधणें होय. आमच्या मतें डीडीआर-२ ८०० च्या, प्रत्येकी २ गिगाबाइटच्या, एकसारख्या दोन पट्ट्या घ्याव्या. त्या वेगासाठीं नव्हेत, तर २६६ वर त्यांस ताण पडूं नये म्हणून. डीडीआर-३ ची पट्टी या खाचेंत बसत नाहीं, आणि आपल्या मदरबोर्डावर किती मेमरी चालते हेंहि आधीं पुस्तिकेंत पाहावें. पट्ट्या बसविल्यावर मेमटेस्ट ही मोफत चाचणी रात्रभर चालवावी. एक जरी चूक दिसली तरी ठोका खालीं आणावा.

वेगाबरोबर उष्णताहि येते. वीजदाब तोच ठेवला तर प्रोसेसरची कामामुळें होणारी उष्णता वेगाच्या प्रमाणांत वाढते. परंतु दाब वाढविला तर ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग एक-तृतीयांशानें व दाब १० टक्क्यांनीं वाढविला असतां ही उष्णता सुमारें ६० टक्क्यांनीं अधिक होते. ती घालविण्यास पंखा जोरानें फिरणार. अभ्यासाच्या खोलींत ती घरघर एक वेळ चालून जाईल. पण पडद्यावर आई आजारी मुलाच्या उशाशीं निःशब्द बसली आहे आणि शेजारच्या पेटींतून पिठाच्या गिरणीचा आवाज येत आहे, हें कोणास रुचेल?

शिवाय वेग वाढविल्यानें सर्वच कांहीं साधतें असें नाहीं. २०१३ सालीं प्रमाण ठरलेल्या एच.२६५ पद्धतीचे फोर-के चित्रपट या प्रोसेसरच्या आवांक्याबाहेरचे आहेत. तेथें तें काम स्वतः उचलणारें ग्राफिक्स कार्डच पाहिजे. प्रोसेसरास कितीहि पिटाळलें तरी व्यर्थ.

असो. आमचें यंत्र आज २४०० वर, मूळच्याच वीजदाबानें चालत आहे व पंखा ऐकूंहि येत नाहीं. जुन्या यंत्राकडून थोडें अधिक काम घ्यावें, यांत गैर कांहीं नाहीं. परंतु अति तेथें माती, हें विसरूं नये. आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस एवढीच विनंती कीं, ठोक्यास हात लावण्यापूर्वीं घरच्या छायाचित्रांची एक प्रत निराळ्या ठिकाणीं ठेवावी, आणि ती उघडून पाहिल्यावांचून मूळ प्रत कदापि पुसूं नये.