फिल्टर पुरे, कॅसेट आणा!

सध्या एक नवी फॅशन निघाली आहे. गॅदरिंगचा चांगला स्वच्छ व्हिडिओ मोबाईलवर काढायचा आणि मग त्यावर ‘व्हीएचएस’ नावाचा फिल्टर टाकायचा. लगेच चित्र थरथरायला लागतं, रंग फिके होतात, तळाशी पांढऱ्या रेघांची पट्टी नाचते आणि कोपऱ्यात १९९४ सालची एखादी तारीख उमटते. बघणारे म्हणतात, ‘काय दिवस होते यार!’ म्हणणारा कोण, तर सेकंड इयरचा. तो जन्मला तेव्हा कॅसेट तर गेलीच होती, सीडीलाही उतरती कळा लागली होती! ज्या दिवसांत आपण नव्हतोच त्यांची आठवण कशी येते, हा प्रश्न मानसशास्त्रवाल्यांवर सोडू. आपण इंजिनीअर लोक, आपण वस्तूबद्दल बोलू.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या व्हिडिओची आठवण काढायला काहीच हरकत नाही, पण आपण चुकीच्या गोष्टीची आठवण काढतोय. रेघांवर एवढं प्रेम, आणि ज्या कॅसेटमध्ये आपल्याच आजोबांचं चालणं-बोलणं आहे ती माळ्यावर, पितळेच्या भांड्यांमागे पडून! त्या कॅसेटचं आयुष्य संपत आलंय. फिल्टर काय, उद्याही मिळेल.

आधी त्या मशीनला थोडा मान देऊ, कारण ते खरंच मानाचं काम होतं. सोनीने १९७५ साली बीटामॅक्स आणलं आणि १९७६ मध्ये जपानच्याच जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस. प्रश्न असा होता की व्हिडिओ सिग्नलची फ्रिक्वेन्सी एवढी मोठी असते की टेप हेडवरून प्रचंड वेगाने पळवावी लागते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत व्हीएचएसमध्ये हेड आणि टेप यांच्यातला वेग सेकंदाला सुमारे ४.८५ मीटर आहे. ऑडिओ टेपसारखं हेड एका जागी ठेवलं असतं तर तीन तासांच्या लग्नाला किती टेप लागली असती? कॅल्क्युलेटर काढा. ५२ किलोमीटर! म्हणजे साधारण सीएसएमटी ते कल्याण. प्रत्यक्षात तीन तासांच्या कॅसेटमध्ये टेप असते जेमतेम अडीचशे मीटर. कारण टेप संथच सरकते, सेकंदाला २३ मिलिमीटरच्या आसपास. फिरतो तो ड्रम. ६२ मिलिमीटर व्यासाचा, तिरका बसवलेला, मिनिटाला १५०० फेऱ्या. त्यावरची हेड्स टेपवर तिरक्या रेषा ओढत जातात आणि एका फेरीत एक पूर्ण फ्रेम लिहून होते. एकेका रेषेची रुंदी ४९ मायक्रॉन, म्हणजे केसाहून बारीक. आणि हे सगळं घरात, टीव्हीखालच्या टेबलावर, धूळ आणि लोडशेडिंग सोसत चालायचं. व्हायव्हात कोणी ‘हेलिकल स्कॅन’ विचारलं तर एवढं सांगा, एक्स्टर्नल खूश होतील.

आता त्या फिल्टरमधल्या रेघा. त्या मूळच्या काय होत्या? हेड बरोबर रेषेवर नसलं, टेप ताणली गेली, हेडवर घाण बसली की चित्र फाटायचं. मग ट्रॅकिंगचं बटण फिरवत बसायचं. तळाशी दिसणारी पट्टी म्हणजे एका हेडकडून दुसऱ्या हेडकडे काम जाताना होणारी खळबळ; टीव्हीच्या काचेच्या कडेला ती झाकली जायची. थोडक्यात, जो दोष घालवण्यासाठी माणसांनी वर्षानुवर्षं डोकं खर्च केलं, तो आपण आता दागिना म्हणून मिरवतोय. मिरवा बापडे!

आपल्याकडे हे वेड आलं ते १९८२ नंतर. त्या वर्षी दिल्लीला एशियाड झालं, दूरदर्शन रंगीत झालं, आणि पाठोपाठ व्हीसीआर घरात शिरला. सगळ्यांच्या नाही हं! बहुतेकांच्या घरी तो भाड्यानेच यायचा. शनिवारी रात्री वर्गणी काढून टीव्ही, व्हीसीपी आणि तीन पिक्चरच्या कॅसेट आणायच्या आणि सकाळी परत द्यायच्या आत तिन्ही संपवायचे. हॉस्टेलवरही हे व्हायचं, आपल्या सरांना विचारा, डोळे कसे चमकतात बघा. व्हिडिओ लायब्ररी, व्हिडिओ पार्लर, गणपतीत मंडळाचा व्हिडिओ, रात्रीच्या प्रवासाला व्हिडिओ कोच. पण हे सगळं पिक्चर बघणं झालं. ते पिक्चर आज दुसरीकडे कुठेतरी मिळतात. मी बोलतोय ते घरच्या कॅसेटबद्दल. ती एकच असते.

लग्न, मुंज, बारसं, वास्तुशांत, एकसष्ठी. शूटिंगवाला खांद्यावर भला मोठा कॅमेरा घेऊन यायचा. मागे एक पोरगा हातात हॅलोजनचा दिवा धरून, आणि त्याच्या मागे वायरीचं वेटोळं सोडत दुसरा. त्या प्रकाशात नवरानवरी डोळे किलकिले करून बसायची. आणि मग सुरू व्हायची अहेराची रांग. वीस-वीस मिनिटं! एकेक जोडपं येतंय, पाकीट देतंय, कॅमेऱ्याकडे बघून उगीच हसतंय, जातंय. ही कॅसेट लावली की सगळे म्हणतात, ‘हे पुढे ढकल रे!’

माझं मत बरोबर उलटं आहे. त्या कॅसेटमधला सर्वांत मोलाचा भाग तोच. नवरानवरीचे फोटो अल्बममध्ये आहेतच. पण त्या रांगेत अख्खी आळी आहे. दुकानदार आहे, गुरुजी आहेत, वडिलांच्या ऑफिसातला शिपाई आहे, लुगड्यातल्या आज्या आहेत, ज्यांचा आयुष्यात दुसरा एकही हलता फोटो निघाला नाही. त्यांच्याकडे कॅमेरा मुद्दाम कोणी वळवला नसता. रांगेमुळे त्या आल्या. पंगतीत कोण कोणाशेजारी बसलं, बायका काय नेसल्या होत्या, रस्त्यावर किती मोकळी जागा होती, हे सगळं त्या कंटाळवाण्या मिनिटांत आहे. इतिहासवाले ज्याला साधन म्हणतात ना, ते हे.

‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. कॅसेटचं चित्र धूसरच होतं. आडव्या दिशेला मोजून २४० रेषांच्या आसपास तपशील. कॉपीची कॉपी केली की आणखी पुसट. शूटिंग परवडायचं ते थोड्यांना. ज्यांच्याकडे कॅसेट आहे त्यांच्यापेक्षा नाही अशी घरं कितीतरी जास्त. आणि ‘मिक्सिंग’ नावाचा एक अत्याचार होता! बदामाच्या आकारात नवरी, गरगर फिरत येणारा नवरा, आणि मूळ आवाज काढून टाकून त्यावर सिनेमाची गाणी. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या आत्याचा आवाज गेला, राहिलं काय तर त्या वर्षीचं हिट गाणं. तेव्हा तंत्रज्ञानाला हार घालत बसू नका. त्यात जे सापडलं, टिकलं, त्याची काळजी घ्या एवढंच म्हणतोय.

काळजी का घ्यायची? कारण तीन घड्याळं एकाच वेळी चाललीत.

पहिलं घड्याळ टेपचं. पॉलिएस्टरच्या पट्टीवर चुंबकीय कण चिकटवलेले असतात. चिकटवणारा पदार्थ हवेतला ओलावा शोषतो, वर्षांनी सैल होतो, कण हेडवर निघून येतात. आपल्या कोकणात, मुंबईत तर बुरशी. कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरे ठिपके किंवा जाळं दिसलं तर समजा पाहुणे आलेत.

दुसरं घड्याळ मशीनचं. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. मागणी घटली आणि सुटे भागही मिळेनात. आता जे आहेत ते जुनेच. त्यांचे बेल्ट सैल, पिंच रोलर कडक, हेड झिजलेली. आणि ते दुरुस्त करणारे मेकॅनिक मोबाईलकडे वळले किंवा थकले. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल फिल्म अँड साउंड आर्काइव्हने २०१५ मध्येच इशारा दिला होता, की जे चुंबकीय टेपवरून २०२५ पर्यंत डिजिटल होणार नाही त्यातलं बरंचसं कायमचं जाईल. ते २०२५ आलंसुद्धा. एका रात्रीत सगळ्या टेप मेल्या असं नाही, पण त्यांनी हवेतला आकडा सांगितला नव्हता.

तिसरं घड्याळ माणसांचं, आणि ते सगळ्यात वेगाने चालतंय. चित्र वाचवलं, पण रांगेतली ही बाई कोण हे सांगणारं घरात कोणी उरलं नाही, तर काय उपयोग? अनोळखी माणसांचं लग्न आपण कशाला बघू?

‘एवढं काही होत नाही रे’ असं वाटत असेल तर मोठ्यांचे हाल ऐका. ‘आलम आरा’, १९३१, भारताचा पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. नासाने १९६९ साली चंद्रावर माणूस उतरवला. त्या थेट चित्रणाचा मूळ सिग्नल ज्या टेपांवर होता त्या पुढे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९ मध्ये त्यांनाच जाहीर करावा लागला. प्रक्षेपणाच्या प्रती होत्या म्हणून निभावलं. आणि उलट उदाहरण बघा. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स नावाच्या बाईंनी १९७९ पासून २०१२ मध्ये वारल्या तोवर घरात व्हीसीआर लावून टीव्हीच्या बातम्या टेप केल्या. सुमारे ७० हजार कॅसेट! तेव्हा लोक काय म्हणाले असतील, कल्पना करा. आज तो साठा इंटरनेट आर्काइव्हकडे आहे. जे संस्थेला जमलं नाही ते एका घरातल्या चिकाटीने जमलं.

काही जण म्हणतील, आम्ही मागेच सीडी-डीव्हीडी करून घेतली. छान! ती शेवटची कधी लावली? घरी राईट केलेली डिस्क अमर नसते, आणि आता लॅपटॉपला तिचा ड्राइव्हच नसतो. माध्यम बदललं की काम संपलं, असं नसतं. दर काही वर्षांनी नवीन जागी कॉपी करायचीच. हे घर झाडण्यासारखं आहे, एकदा झाडलं म्हणून कायमचं स्वच्छ राहत नाही.

मग करायचं काय? यात रॉकेट सायन्स नाही. कॅसेटच्या मागच्या कडेची छोटी प्लॅस्टिकची पट्टी आधी तोडा, म्हणजे चुकूनही तिच्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. बुरशी दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये घालूच नका. ती स्वतः जाईल आणि हेड खराब करून पुढच्या कॅसेटलाही बुरशी देईल. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा. बाकीच्यांसाठी एक चालू व्हीसीआर, एक कॅप्चर कार्ड आणि एक कॉम्प्युटर पुरे. साइज ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि सुरुवातीला जास्त कॉम्प्रेस करू नका. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, घाई चालत नाही. सबमिशन लिहिता लिहिता शेजारी चालू द्या! फाइलच्या दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. आणि मूळ कॅसेट फेकू नका.

मग सर्वांत महत्त्वाचं. घरच्या मोठ्यांना शेजारी बसवा, व्हिडिओ लावा आणि विचारा, हा कोण, ही कोण? मिनिट आणि नाव असं वहीत लिहा, नंतर टाईप करून फाइलसोबत ठेवा. यासाठी कुठलंही मशीन लागत नाही, फक्त एक दुपार लागते.

एक पथ्य मात्र पाळा. मिळालं की लगेच नेटवर टाकू नका. त्या लग्नात आलेल्यांनी जगासाठी हसून दाखवलं नव्हतं. काही संसार मोडलेत, काही माणसं नकोशा आठवणीत गेलीत. ज्यांचं आहे त्यांना आधी विचारा.

आपल्या कॉलेजात सोल्डरिंग येणारी पोरं आहेत, ऑसिलोस्कोप आहे, बेल्ट बदलायचे म्हटले तर मेकॅनिकलवाले आहेत, स्टोरेजचं कॉम्प्युटरवाले बघतील. जुन्या व्हीसीआरची नस ओळखणारे एक-दोघे तरी स्टाफमध्ये निघतीलच. मिनी प्रोजेक्टसाठी दरवर्षी तीच ट्रॅफिक लाइट आणि तोच लाइन फॉलोअर करण्यापेक्षा एक बॅच हे करू शकणार नाही का? मेसमधल्या काकांच्या, वॉचमन मामांच्या घरच्या कॅसेटसुद्धा घेऊ. दुकानात याचे पैसे पडतात, ते प्रत्येकाला परवडतीलच असं नाही.

दिवाळीच्या सुट्टीला घरी जाल तेव्हा माळ्यावर चढा. परत येताना फराळाच्या डब्याखाली, कपड्यात नीट गुंडाळून, एक तरी कॅसेट आणा. चालू व्हीसीआर शोधायची जबाबदारी माझी.