डोंगरालाही चातुर्मास हवा

आषाढी एकादशीस देव शयन करतात आणि चार महिने आपण मंगलकार्यांनाही आवर घालतो. महाबळेश्वराच्या डोंगरास मात्र हा विसावा नाकारून ‘बारमाही पर्यटना’च्या नव्या मंत्राचा जप चालविला जात आहे. या मंत्रास आमचा विरोध आहे.

धारवाडच्या माणसाने साताऱ्याकडील डोंगराची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. गोकर्णाच्या महाबळेश्वरास जाणाऱ्या आमच्या वाचकांस हा दुसरा महाबळेश्वर परका नाही. शिवाय तेथे उगम पावणारी कृष्णा पुढे कर्नाटकातूनच वाहते, आणि ज्या मलप्रभेचे पाणी हुबळी-धारवाड पिते ती कूडलसंगमास कृष्णेलाच मिळते. १९७३ च्या बच्छावत लवादाच्या निवाड्यापासून आजवर या पाण्याच्या वाटणीसाठी राज्याराज्यांच्या वकिलांनी केवढा कंठशोष केला! उगमाविषयी मात्र सारे मुके.

महाबळेश्वर हे आधी क्षेत्र, मग हवा खाण्याचे ठिकाण. १६६५ साली शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला येथे केली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून जागा मिळवून माल्कम पेठ वसविली ती १८२९ च्या सुमारास. परंतु त्या साहेबांनाही पावसापुढे नमावे लागे. बंगल्यांना गवताचे आच्छादन बांधून ते जूनमध्ये खाली उतरत, आणि डोंगर चार महिने डोंगराचाच राही. हे भक्तीने नव्हे, धास्तीने घडे, पण घडे. आता त्याच धुक्यात भिजण्यासाठी येणाऱ्यांच्या मोटारी वेण्णा तलावाकाठी रांगा लावतात. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली तो तलाव बांधविला, तो पाण्याच्या साठ्यासाठी, नौकाविहारासाठी नव्हे.

कायदा नाही असे नाही. २००१ साली केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. असे असता २०१९ साली राज्य सरकारने सातारा, जावळी व पाटण तालुक्यांत ‘नवे महाबळेश्वर’ उभारण्याचे काम रस्ते विकास महामंडळाकडे सोपविले. जुन्यावरचा भार हलका व्हावा, हा त्यामागील युक्तिवाद. एक पान उष्टे झाले म्हणून दुसरे मांडावे, त्यातलाच हा प्रकार!

घोडेवाले, हॉटेलवाले, स्ट्रॉबेरीचे शेतकरी यांच्या पोटाचे काय, हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण झरे आटले तर पहिला घास त्यांच्याच तोंडचा जाईल. त्याच जिल्ह्यातील कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घालता आली. महाबळेश्वराच्या घाटात मोटारींना ती का घालता येऊ नये?

मनालीकडील बियास नदीच्या पात्राशी खेळ करणाऱ्या एका हॉटेलच्या प्रकरणात, म्हणजे एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या १९९६ च्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नद्या, वने ही सरकारची मालमत्ता नसून जनतेच्या वतीने सांभाळावयाची ठेव आहे, आणि सरकार केवळ विश्वस्त. देवस्थानाचा विश्वस्त देवाची जमीन परस्पर विकू लागला, तर आपण त्यास कोर्टात खेचतो की नाही? महाबळेश्वराच्या विश्वस्ताकडे आमची मागणी माफक आहे: आषाढी ते कार्तिकी डोंगरावर कुदळ पडू नये, मोटारींची रोजची संख्या ठरवावी, आणि ‘नव्या’ महाबळेश्वराचा आराखडा संमत करण्यापूर्वी कृष्णाकाठच्या कर्नाटकासही आपले म्हणणे मांडू द्यावे.