तेलाच्या भरवशावर काढलेले कर्ज

मिळकत वाढली की सावकार आपण होऊन दार ठोठावतो. १९७०च्या दशकात मेक्सिकोचे असेच झाले. कांपेचेच्या समुद्रात रुदेसिंदो कांतारेल नावाच्या कोळ्याला पाण्यावर तेलाचा तवंग दिसला आणि पुढे तिथे जगातल्या मोठ्या तेलसाठ्यांपैकी एक सापडला. साठ्याला नावही त्या कोळ्याचेच मिळाले. आता प्रश्न फक्त सुबत्ता सांभाळायचा, असे राष्ट्राध्यक्ष लोपेस पोर्तिलो सांगू लागले. परदेशी बँका कर्ज द्यायला एका पायावर तयार होत्या.

गोम होती व्याजात. कर्ज डॉलरचे आणि बरेचसे बदलत्या दराचे. म्हणजे बाजारात व्याज चढले की जुन्या कर्जाचाही हप्ता चढणार. अमेरिकेतली महागाई रोखण्यासाठी पॉल व्होल्कर यांच्या फेडरल रिझर्व्हने दर वाढवत नेले आणि १९८१ मध्ये ते १९-२० टक्क्यांपर्यंत पोहोचले. त्या महाग पैशाने मंदी आणली, तेलाचा खप घटला, भाव उतरू लागला. हप्ता वाढला आणि कमाई घटली, तीही एकाच कारणाने! जून १९८१ मध्ये सरकारी तेल कंपनी पेमेक्सच्या प्रमुखांनी पिंपामागे ४ डॉलर कमी केले, तर त्यांनाच पद सोडावे लागले. मग भाव पुन्हा चढवून पाहिला. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली.

पेसोचे रक्षण आपण कुत्र्यासारखे करू, असे पोर्तिलो म्हणाले होते. फेब्रुवारी १९८२ मध्ये पेसो कोसळला. त्यांची घरे ज्या टेकडीवर होती, तिला लोक 'कुत्र्याची टेकडी' म्हणू लागले. ऑगस्टमध्ये अर्थमंत्री सिल्वा हेर्सोग यांनी बँकांना कळवले, हप्ते भरता येत नाहीत. देशावर तेव्हा सुमारे ८० अब्ज डॉलरचे कर्ज होते. अमेरिकेने तातडीने १ अब्ज डॉलर दिले, पण पुढे यायच्या तेलाची आगाऊ किंमत म्हणून.

चाळीस वर्षांनी तोच प्रसंग सौदी अरेबियावर आला. रियालचा भाव १९८६ पासून डॉलरला ३.७५ असा बांधलेला. त्यामुळे अमेरिकेत दर वाढला की रियाधलाही वाढवावा लागतो, गरज असो वा नसो. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात अमेरिकी दर जवळपास शून्यावरून ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर गेला, सौदीचा रेपो दर ६ टक्क्यांवर. नवे कर्ज काढणाऱ्या तिथल्या कुटुंबालाही वॉशिंग्टनमधला हा निर्णय चुकला नाही. सरकारला मात्र फारशी झळ लागली नाही. २०२२ मध्ये तेल काही काळ १२० डॉलरच्या वर होते, शिवाय गाठीला परदेशी ठेवी होत्या. मेक्सिको व्याज भरत बसला होता, सौदी अरेबिया ते घेतही होता.

तरी भाव जरा उतरताच २०२३चा अर्थसंकल्प तुटीत गेला. मोठमोठे प्रकल्प तर हाती घेतलेले. जानेवारी २०२४ मध्ये सौदी सरकारने १२ अब्ज डॉलरचे रोखे विकले, त्या चढ्या व्याजाच्या दिवसांतच.