शिक्षण परिषद शिक्षकांच्या हाती द्या!

शिक्षक बंधू-भगिनींनो, पालकांनो आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनो,

दर महिन्याला एकदा आपल्या केंद्रातले सगळे शिक्षक शिक्षण परिषदेसाठी एकत्र येतात. दहा-पंधरा शाळांचे गुरुजी आणि बाई एका हॉलमध्ये असतात, हातात अख्खी दुपार असते. शिक्षक म्हणून वाढायची याहून चांगली संधी सरकारी यंत्रणेत दुसरी नाही, आणि ती दर महिन्याला वाया जाते. ती वाया जाऊ द्यायची नाही, एवढ्यासाठी हे पत्रक काढले आहे.

तिथे काय चालते हे शिक्षकांना पाठ आहे. पालकांना माहीत नसते, म्हणून सांगते. हजेरीच्या कागदावर सह्या होतात. ईशस्तवन, स्वागतगीत, गुलाबपुष्प देऊन सत्कार. मग वरून आलेली विषयपत्रिका प्रोजेक्टरवर लागते आणि सुलभक ती पडद्यावरून वाचून दाखवतात. तीच पीडीएफ आदल्या रात्री सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन पडलेली असते. चहा होतो आणि चहानंतर खरे काम निघते. यू-डायस पोर्टलवरच्या शाळेच्या माहितीतल्या त्रुटी, मुलांचे राहिलेले अपार आयडी, आधार न जुळलेल्या मुलांची यादी, पोषण आहाराची माहिती आजच्या आज. मग बॅनरसमोर फोटो, उपस्थितीची लिंक, की लगेच गाड्या बाहेर निघतात. एवढ्या वेळात एकाही मुलाची वही उघडली जात नाही.

याच हॉलमध्ये वेगळेही घडू शकते. एका परिषदेत दुसऱ्याच वर्षाला असलेल्या एका शिक्षणसेवक मुलीने विषयपत्रिका बाजूला ठेवायची परवानगी मागितली आणि आपल्या तिसरीच्या वर्गातल्या वह्या टेबलावर मांडल्या. गणित साधे होते, ५२ वजा २७. निम्म्याहून अधिक मुलांचे उत्तर ३५ होते. आम्ही लगेच निदान केले : हातचा समजलेला नाही, सराव कमी पडला. ती म्हणाली, ‘मी मुलांना विचारलं, कसं केलंस? एक मुलगा म्हणाला, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले. मोठ्यातूनच लहान जातं, असं आपल्याला शिकवलंय ना!’

हॉल गप्प झाला. ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हे वाक्य पहिलीच्या वर्गात सर्रास बोलले जाते. मुलाने नियम मोडला नव्हता, नियम इमानाने पाळला होता. मग बोलणे सुरू झाले. कोणी म्हणाले, ते वाक्य पहिलीतूनच काढून टाकू. कोणी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे मागवले आणि दशक सुट्टा करून दाखवला. निवृत्तीला आलेल्या एका गुरुजींनी सांगितले की, उभी मांडणी देण्याआधी मुलांकडून महिनाभर तोंडी वजाबाकी करून घेतली तर ही चूक फारशी होत नाही. हे त्यांना कितीतरी वर्षांपासून ठाऊक होते, पण त्यांना कधी कोणी विचारलेच नव्हते. पुढच्या परिषदेला पाच-सहा शाळांमधल्या वह्या आपणहून आल्या.

त्या दुपारी नेतृत्व त्या मुलीकडे होते. सोळा हजार मानधनावरची, सेवाज्येष्ठता यादीत शेवटच्या पानावरची शिक्षिका. तिला कुठले पद नव्हते आणि तिने कोणाला आदेशही दिला नाही. आपल्या वर्गातली अडचण तिने सगळ्यांसमोर उघडी मांडली, आणि त्यामुळे बाकीच्यांना आपापली अडचण मांडायचे धाडस झाले. शाळेतले शैक्षणिक नेतृत्व म्हणतात ते हेच. बाकी सगळा कारभार आहे. कारभार लागतोच, पण त्याला नेतृत्व म्हणू नये.

डी.एड.ला असताना सराव पाठाच्या वेळी मागच्या बाकावर सोबतचे छात्राध्यापक बसायचे, टिपणे काढायचे आणि पाठ संपला की चर्चा व्हायची. नोकरी लागली आणि ते कायमचे थांबले. तीस वर्षे सेवा झालेला शिक्षक निवृत्त होतो, आणि त्या तीस वर्षांत दुसऱ्या शिक्षकाचा पूर्ण तास शांतपणे बसून त्याने कधी पाहिलेला नसतो. त्याच्या वर्गात कोणी आलेच तर ते तपासायला आलेले असते, आणि जाताना शेरेबुकात दोन ओळी लिहून जाते. डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला रुग्णाबद्दल विचारतात, तशी सोय शिक्षकाला असू नये?

सोय नव्हती असेही नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळा संकुलाची कल्पना मांडली होती : जवळपासच्या शाळांनी एकमेकींना धरून राहायचे, साधने वाटून घ्यायची, शिक्षकांनी एकत्र बसून शिकायचे. त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक होते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये केंद्रशाळांची रचना आणली आणि पुढे राज्यभर ४,८६० केंद्रे उभी राहिली. केंद्रप्रमुखाने शाळाशाळांत जावे, वर्गात बसावे, नव्या शिक्षकाला हात द्यावा, एका शाळेतली चांगली गोष्ट दुसरीत पोचवावी, ही अपेक्षा होती. त्याच अपेक्षेतून ही मासिक बैठक आली.

आज केंद्रप्रमुख काय करतो? माहिती गोळा करतो. तालुक्याचा आदेश खाली देतो आणि खालचे तक्ते वर पाठवतो. एकेकाकडे दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा अतिरिक्त कार्यभार असतो, कारण पदेच भरलेली नसतात. डिसेंबर २०२२ मध्ये शासनाने निर्णय काढला की निम्मी पदे पदोन्नतीने आणि निम्मी मर्यादित विभागीय परीक्षेने भरायची. जून २०२३ मध्ये २,३८४ पदांची जाहिरात आली, परीक्षा मात्र पुढे ढकलली गेली. केंद्रांची संख्या आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहा. ज्या पदाने शिक्षकाचा सोबती व्हायचे, तेच पद वर्षानुवर्षे रिकामे किंवा प्रभारी राहते आणि कोणाला त्याची टोचणी नसते.

मुख्याध्यापकाचे तर त्याहून वाईट. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीत दीडशेहून जास्त मुले असली तरच मुख्याध्यापकाचे पद, सहावी ते आठवीत शंभरच्या वर. आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या द्विशिक्षकी शाळांना हा आकडा कधी गाठता येणार? तिथे ज्याची सेवा जास्त, त्याच्या गळ्यात चार्ज पडतो. चार इयत्तांपैकी दोन शिकवायच्या, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी, समग्र शिक्षाचा हिशेब, समितीच्या सभा, पंचायत समितीतल्या फेऱ्या. या प्रभारी मुख्याध्यापकाला ना वेतनश्रेणी, ना या कारभाराचे प्रशिक्षण, ना आठवड्यातला एक मोकळा तास. अशा माणसाला ‘शैक्षणिक नेतृत्व’ या विषयावरचा ऑनलाइन कोर्स पूर्ण करायला लावणे हा त्याचा अपमान आहे.

प्रशिक्षणांची कमतरता मात्र कधीच नव्हती. २०१९ मध्ये देशभरातल्या ४२ लाख प्राथमिक शिक्षकांसाठी ‘निष्ठा’ प्रशिक्षण सुरू झाले, कोरोनाच्या काळात ते दीक्षा अ‍ॅपवर गेले. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते की प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी, आणि तीही त्याच्या स्वतःच्या आवडीप्रमाणे. धोरणातला हा दुसरा भाग कुणी वाचलेला दिसत नाही. आपल्याकडे तास मोजले जातात, आवड कोणी विचारत नाही. व्हिडिओ मागे चालू असतो, स्वयंपाकघरात भाकरी भाजली जाते, शेवटच्या प्रश्नमंजुषेची उत्तरे ग्रुपवर येतात आणि प्रमाणपत्र डाउनलोड होते. शिक्षकांना दोष देण्याआधी हेही विचारा की, जे प्रशिक्षण त्यांच्या वर्गातल्या एकाही मुलाविषयी बोलत नाही, त्याकडे त्यांनी काय म्हणून लक्ष द्यावे?

महाराष्ट्राने एकदा वेगळा रस्ता पाहिला आहे. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये (म्हणजे काही केंद्रांच्या गटात) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले. राज्यभरातून शिक्षक ते वर्ग पाहायला गेले, पदरमोड करून, गाड्या करून गेले. शिक्षकांनी शिक्षकांकडून शिकण्याची ती एक लाटच होती. जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासन निर्णयाने तिला राज्याचे बळ मिळाले. पण पुढे काय झाले तेही पाहू. गावोगावी वर्गाच्या फरश्या रंगल्या. मुळाक्षरे, अंक, सापशिडी, सगळे फरशीवर उतरले. कुमठ्याच्या शिक्षकांनी फरशी रंगवण्याआधी आणि नंतर आपसात जी चर्चा केली होती, ती मात्र कोणत्याच परिपत्रकातून पाठवता आली नाही. जिथे शिक्षक बोलत राहिले तिथे काम टिकले, बाकीच्या ठिकाणी फक्त रंग राहिला आणि तोही पुसट होत गेला.

आपली बढतीची शिडी बघा. उपशिक्षक, पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी. जसजसे वर जावे तसतसा वर्ग लांब जातो. पहिलीला वाचायला शिकवण्यात हातखंडा असलेल्या बाई पहिलीतच राहतील आणि तरीही शेजारच्या दहा शाळांना त्यांचा उपयोग होईल, यासाठी या शिडीत एकही पायरी नाही. गाव लांब पडते, घरी लेकरे-म्हातारी माणसे असतात म्हणून कितीतरी शिक्षिका पदोन्नती नाकारतात, आणि त्यांच्याजवळचे कौशल्य त्यांच्याबरोबरच निवृत्त होते. राज्य त्यांचा गौरव करायचे म्हणते तेव्हा त्यांनाच पुरस्काराचा प्रस्ताव भरायला सांगते : स्वतःच्या कामाची फाइल करा, फोटो आणि कात्रणे जोडा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळाले, तेव्हा त्यांनी दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांच्या कौतुकात आपण कुठेही कमी पडलो नाही. पण शिक्षकाचे काम वाटून घेण्याचे असते, हा त्या कृतीचा अर्थ आपल्या यंत्रणेने घेतला नाही.

१ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, बंधनकारक केली. सेवेची पाच वर्षांहून अधिक वर्षे शिल्लक असतील तर दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचे. निकालाचा मान राखू, अभ्यासही करू. पण परीक्षा पास झालेला शिक्षक दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वर्गात एकटा उभा राहणार आहे, आणि ५२ वजा २७ चे उत्तर ३५ का येते हे विचारायला त्याच्याजवळ तेव्हाही कोणी नसणार.

आता आपल्या संघटनांना दोन शब्द. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला, तो न्याय्य होता. अशैक्षणिक कामांविरुद्ध आवाज उठला, तोही योग्यच होता. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर कामांना शिक्षक जुंपायला मनाई करते, तरी ही मागणी पुन्हा पुन्हा करावी लागते. पण ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणताना ‘आम्हाला शिकू द्या’ हेही म्हणायला हवे. मागण्यांच्या निवेदनात बदल्या असतात, वेतनश्रेणी असते, पेन्शन असते. शिक्षण परिषद कधीच नसते. ती त्या यादीत आली पाहिजे.

मागणी सोपी आहे. शिक्षण परिषदेच्या दिवशी कोणतीही प्रशासकीय माहिती मागू नये, त्या कागदपत्रांच्या टपालासाठी वेगळा वार ठेवावा. दर परिषदेत एक खरा पाठ व्हावा, खऱ्या मुलांसमोर, आणि परिषद आळीपाळीने सगळ्या शाळांत भरावी, वस्तीवरच्या शाळेतसुद्धा. पुढचा विषय त्याच केंद्रातल्या शिक्षकांनी आदल्या परिषदेत ठरवावा. पाठ घ्यायला कोणी पुढे येत नाही, असे सांगितले जाते. कसे येतील? पाठ म्हणजे तपासणी, हीच सवय लागली आहे. म्हणून पाठाची नोंद शेरेबुकात होता कामा नये. अधिकारी आले तर त्यांनी मागे बसावे आणि पाठ घेणारी शिक्षिका स्वतः बोलून झाल्याशिवाय बोलू नये. चर्चा आधी मुलांच्या वह्यांवर व्हावी आणि शिकवण्यावर त्यानंतर. याला नवा निधी लागत नाही, नवे अ‍ॅप तर मुळीच लागत नाही. केंद्रप्रमुखांची पदे भरावी लागतील, ती तशीही भरायचीच आहेत.

शिक्षकांनो, आदेशाची वाट पाहू नका. येत्या परिषदेला जाताना आपल्या वर्गातल्या पाच वह्या सोबत न्या, अडलेल्या मुलांच्या, आणि चहाच्या आधी बोलायला वेळ मागा. केंद्रप्रमुखांनो, तो वेळ द्या. पालकांनो आणि समितीच्या सदस्यांनो, परिषदेच्या दिवशी गुरुजी कुठे गेले असे विचारता, तसे दुसऱ्या दिवशी तिथून काय शिकून आले हेही विचारा. समितीच्या पुढच्या सभेत ठराव घ्या की आमच्या शाळेत शिक्षण परिषद भरावी, पाठ आमच्याच मुलांसमोर व्हावा. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतली एक शिक्षिका

(हे पत्रक वाचून झाल्यावर शेजारच्या शाळेत द्यावे.)